बाबांची निळी पत्रं स्कॅन करून घेतली
बाबा मालवाहू बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. त्यांची १९६८ ची हवाईपत्रं रत्नागिरीतल्या एका स्कॅनिंगच्या दुकानात दिली. घड्या पार विरलेल्या, म्हणून दुकानदाराने मशीनमध्ये न घालता वरून कॅमेऱ्याने फोटो काढले. पानामागे २० रुपये पडले, पण पुसट शाईसुद्धा लख्ख उमटली. 'सुएझ बंद, आफ्रिकेला वळसा घालून जातोय, पुढचं पत्र लंडनच्या एजंटाकडे टाक' हे आता नीट वाचता येतं. वादळाबद्दल चकार शब्द नाही. कलमांना मोहोर आला का, हे मात्र तीनतीनदा. तक्रार एकच: कडेच्या दुमडीवरचा मजकूर कापला गेला होता. जागा संपली की बाबा तिथेच, आडवं, फक्त आईसाठी लिहायचे. सांगितल्यावर दुकानदाराने जादा पैसे न घेता पुन्हा काढून दिलं.