पापण्यांवरच्या इसबासाठी स्टेरॉइडचे मलम की टॅक्रोलिमस?

ज्यांचा ॲटोपिक इसब (पुन्हा पुन्हा उठणारा, खाज आणणारा त्वचेचा दाह) जुना आहे, त्यांच्या घरात स्टेरॉइडचे मलम आणि टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले, दाह शमवणारे मलम, ही दोन्ही कधी ना कधी येऊन गेलेली असतात, त्यामुळे सविस्तर ओळख करून देण्यात जागा घालवत नाही. माझे चट्टे कोपरांच्या आतल्या बाजूला, मानेवर आणि पापण्यांवर उठतात, आणि माझी निवड पापण्यांनी ठरवली.

वेगाच्या बाबतीत स्टेरॉइड सरस आहे, हे आधी मान्य करायला हवे. चट्टा लाल होऊन ओलसर झाला असेल आणि खाजेने झोप लागत नसेल, तर सौम्य किंवा मध्यम ताकदीच्या स्टेरॉइडने मला एक-दोन रात्रींत उतार पडतो. टॅक्रोलिमसला वेळ लागतो आणि सुरुवातीचे काही दिवस लावल्याजागी चांगलीच आग होते. अंघोळीनंतर कातडी पूर्ण कोरडी होऊ दिली तर ती कमी जाणवते, असा माझा अनुभव आहे.

फरक आहे तो दोघांच्या कामात. स्टेरॉइड त्वचेतल्या बहुतेक सगळ्या पेशींवर परिणाम करते. दाह शमतो, पण कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) तयार करणाऱ्या पेशीही मंदावतात आणि कातडी पातळ होत जाते. टॅक्रोलिमस मुख्यतः टी-पेशींमधल्या (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींमधल्या) कॅल्सिन्युरिन या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवते, त्यामुळे खाज वाढवणारे आणि त्वचेचे आवरण कमकुवत करणारे इंटरल्युकिन-४ व इंटरल्युकिन-१३ हे पेशींमधले संदेशवाहक रेणू कमी तयार होतात, आणि कोलॅजनला धक्का लागत नाही. शिवाय त्याचा रेणू सुमारे ८०४ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक), म्हणजे मोठा असल्याने निरोगी कातडीतून तो फारसा आत जात नाही. चट्टा भरत आला की औषधाचे शोषणही आपोआप घटते.

मला नकोसे झाले ते स्टेरॉइडचे लावणे-थांबवणे. पापणीची कातडी अतिशय पातळ असते, आणि डोळ्याजवळ दीर्घकाळ स्टेरॉइड वापरल्यास डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून डॉक्टर ते थोडेच दिवस लावू देतात. पापणी नितळ होते, मलम बंद होते, काही दिवसांत खाज परत येते, आणि आता लावावे की थांबावे हा विचार रोज आरशासमोर करावा लागतो. टॅक्रोलिमसवर आल्यापासून तो विचार सुटला. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने, चट्टा नसतानाही नेहमीच्या जागी आठवड्यातून दोनदा लावत राहिल्याने, निदान माझ्याबाबतीत, उठावच विरळ झाले.

टॅक्रोलिमसच्या वेष्टनावरचा कर्करोगाचा इशारा वाचून अनेक जण दचकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो २००६ मध्ये सक्तीचा केला, तेव्हा आधार होता तो प्राण्यांवरील मोठ्या मात्रेच्या प्रयोगांचा आणि मोजक्या रुग्णांच्या नोंदींचा. पुढे मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येत अपेक्षित असते तेवढेच आढळले. तरीही ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच दबलेली आहे, त्यांनी हा विषय डॉक्टरांशी सविस्तर बोलूनच ठरवावा.

किमतीत टॅक्रोलिमस महाग पडते, आणि तळहातांच्या जाड कातडीत ते नीट उतरत नाही. तिथे मी आजही स्टेरॉइडच निवडेन. अचानक भडकलेला चट्टा आधी स्टेरॉइडने आटोक्यात आणून मग टॅक्रोलिमसवर येण्याची पद्धतही अनेक त्वचारोगतज्ज्ञ सुचवतात. चेहरा, मान आणि विशेषतः पापण्या वारंवार उठत असतील, तर मात्र पहिल्या आठवड्याची आग सोसून टॅक्रोलिमसला पुरेसा अवधी द्यावा, असे मला वाटते.