थंडर की पेसर्स? सातव्या सामन्याआधी नाव पक्कं करताना

सोमवार, २३ जून २०२५. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील तेव्हा ओक्लाहोमा सिटीत एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या फायनल्सचा सातवा आणि निर्णायक सामना सुरू होईल. मालिका ३-३ अशी बरोबरीत आहे. ऑफिसच्या किंवा मित्रांच्या ग्रुपवर विजेत्याचं नाव आधी टाकायचं असेल, तर रविवारी रात्री झोपण्यापूर्वी ते ठरवावं लागेल. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: ओक्लाहोमा सिटी थंडर. शुक्रवारी सकाळी सहावा सामना ज्यांनी पाहिला त्यांना हे सहज पटणार नाही, याची मला कल्पना आहे. इंडियाना पेसर्सनी १०८-९१ असं धुतलं. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा फलक ९०-६० दाखवत होता. पेसर्सचे पहिले आठ शॉट हुकले होते, तरी हा निकाल लागला.

ताज्या सामन्याचा ठसा मनावर सगळ्यात खोल उमटतो, आणि अंदाज करताना तोच सगळ्यात जास्त फसवतो. याच प्लेऑफ्समध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, मिनेसोटाने थंडरला तिसऱ्या सामन्यात १४३-१०१, म्हणजे ४२ गुणांनी हरवलं होतं. पुढचा सामना मिनेसोटाच्याच कोर्टवर होता आणि तो थंडरने १२८-१२६ जिंकला. या प्लेऑफ्समध्ये याआधी सहा वेळा थंडर हरून कोर्टवर उतरले आणि सहाही वेळा जिंकले. सलग दोन सामने ते अजून हरलेले नाहीत. त्यामुळे ‘लय आता पेसर्सकडे आहे’ या मुद्द्याला मी फारसं वजन देत नाही.

संपूर्ण मोसम पाहिला तर तुलना एकतर्फी वाटते. थंडर ६८-१४ (६८ विजय, १४ पराभव), पेसर्स ५०-३२ आणि पूर्व विभागात चौथे. थंडरने प्रत्येक सामन्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरासरी जवळजवळ १३ गुण जास्त केले. १९७१-७२ च्या लेकर्सचा जुना विक्रमही त्यांनी मागे टाकला. मात्र पेसर्सचा ५०-३२ हा आकडा दिसतो तितका खरा नाही. सुरुवातीला हा संघ १०-१५ असा रखडला होता, आणि नव्या वर्षापासून तो ३४-१४ खेळला. मग प्लेऑफ्समध्ये त्यांनी मिलवॉकीला ४-१, ६४ सामने जिंकलेल्या क्लीव्हलँडलाही ४-१ आणि न्यू यॉर्कला ४-२ नमवलं. त्यांना नशीबवान म्हणणं सरळसरळ अन्यायाचं होईल. या फायनलमधल्या सहा सामन्यांची बेरीज केली तर थंडर ६६२, पेसर्स ६५५. सहा सामने खेळून फरक फक्त सात गुणांचा!

मग थंडरच का? माझ्या मते ‘कोणता संघ चांगला’ या प्रश्नातून निर्णय होणार नाही. विचारायचं ते असं: शेवटची दोन मिनिटं उरली असताना सामना अटीतटीचा असेल का?

असेल, तर मी डोळे मिटून पेसर्सचं नाव घेईन. मिलवॉकीविरुद्ध ओव्हरटाइमची ४० सेकंदं उरलेली असताना ते सात गुणांनी मागे होते आणि जिंकले. क्लीव्हलँडमध्ये शेवटच्या ४८ सेकंदांत पुन्हा सात गुणांची पिछाडी होती, तीही त्यांनी भरून काढली. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ आणि १४ गुणांची तूट होती. तिथे पेसर्सच्या टायरीझ हॅलिबर्टनचा शेवटचा शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आपटून उंच उडाला आणि सरळ जाळीत पडला. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि पेसर्सने तोही घेतला. या फायनलचा पहिला सामना आठवून पाहा. चौथ्या क्वार्टरमध्ये पेसर्स १५ गुणांनी मागे होते. थंडरच्या शे गिल्जस-अलेक्झांडरचा शॉट हुकला, रिबाउंड पेसर्सच्या हाती आला. प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी टाइमआउट घेतलाच नाही. हॅलिबर्टन चेंडू घेऊन थेट पुढे आला, कॅसन वॉलेससमोर थांबला आणि उडी मारून शॉट मारला. ०.३ सेकंद बाकी, १११-११०. अख्ख्या सामन्यात पेसर्सची आघाडी होती ती एवढीच. असं चार वेळा घडतं तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. घाई न करणं ही या संघाची कमावलेली सवय आहे.

आता दुसरी बाजू बघू. या प्लेऑफ्समध्ये घरच्या कोर्टवर थंडर १०-२ आहेत. त्या दहा विजयांपैकी आठ १५ किंवा त्याहून जास्त गुणांनी मिळाले आहेत. मेम्फिसला ५१ गुणांनी हरवलं, डेन्व्हरला एकदा ४३ आणि सातव्या सामन्यात ३२ गुणांनी, तर मिनेसोटाला शेवटच्या सामन्यात ३० गुणांनी. आणि दोन पराभव? डेन्व्हरच्या अ‍ॅरन गॉर्डनने २.८ सेकंद राहिले असताना मारलेल्या तीन गुणांच्या शॉटमुळे दोन गुणांनी, आणि वर सांगितलेला हॅलिबर्टनचा एका गुणाचा. घरी हरले ते एकूण तीन गुणांनी, आणि दोन्ही वेळा अगदी शेवटच्या क्षणी. म्हणजे ओक्लाहोमा सिटीत थंडरला हरवायचं तर आधी सामना शेवटपर्यंत जिवंत ठेवावा लागतो, आणि तेवढी संधीच ते बहुतेकांना देत नाहीत. माझा सगळा अंदाज या एका निरीक्षणावर उभा आहे.

संधी मिळत नाही ती टर्नओव्हरमुळे, म्हणजे समोरचा संघ चेंडू गमावून बसतो त्यामुळे. थंडरइतका चेंडू हिसकावणारा संघ या मोसमात दुसरा नव्हता. लू डॉर्ट, अ‍ॅलेक्स करूसो, वॉलेस हे गार्ड ड्रिबल करणाऱ्याला श्वास घेऊ देत नाहीत, आणि मागे चेट होल्मग्रेन व आयझाया हार्टेनस्टाइन उभे असतात. त्यामुळे पुढच्यांना धोका पत्करायला भीती वाटत नाही. डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात सहा फूट पाच इंचांचा करूसो जवळपास सात फुटी निकोला योकिचच्या पुढे उभा राहून त्याच्याकडे पास पोहोचूच देत नव्हता. या फायनलच्या पाचव्या सामन्यात पेसर्सनी २३ वेळा चेंडू गमावला आणि त्यावर थंडरने ३२ गुण वसूल केले. तो सामना थंडर ११ गुणांनी जिंकले, तेव्हा हिशेब तिथेच लागला. सहाव्या सामन्यात चक्र उलटं फिरलं. एकट्या गिल्जस-अलेक्झांडरने आठ वेळा चेंडू घालवला. आपला चेंडू जपणं हे थंडरचं वर्षभराचं बळ आहे, त्यामुळे घरच्या कोर्टवर ती चूक पुन्हा इतक्या प्रमाणात होईल असं मला वाटत नाही.

बेंचच्या, म्हणजे बदली खेळाडूंच्या बाबतीत मात्र माझं झुकतं माप पेसर्सला आहे. तिसऱ्या सामन्यात बेनेडिक्ट मॅथुरिनने बेंचवरून येऊन २७ गुण केले. सहाव्यात ओबी टॉपिनने २०. टी. जे. मॅकॉनेल कोर्टवर आला की खेळाचा वेग बदलतो आणि समोरचा संघ दमतो. सातव्या सामन्यात तारे थकतात, तेव्हा हीच माणसं उपयोगी पडतात.

सगळ्यात अवघड भाग हॅलिबर्टनच्या पायाचा आहे. पाचव्या सामन्यात उजवी पोटरी दुखावली आणि त्याला फक्त चार गुण करता आले. सहा शॉटपैकी एकही पडला नाही. सहाव्यात तो १४ गुण करून गेला, पण तेव्हा आघाडी मोठी असल्याने त्याला पायावर फार ताण द्यावा लागला नाही. ताणलेली पोटरी दोन-तीन दिवसांत पूर्ण बरी होत नसते. पेसर्सचा सगळा वेग त्याच्यापासून सुरू होतो, आणि शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूही त्याच्याच हातात असतो. म्हणजे ज्या परिस्थितीत मी पेसर्सना निवडलं असतं, नेमकी तीच परिस्थिती या दुखापतीमुळे डळमळीत होते. पास्कल सियाकमकडे २०१९ चं विजेतेपद आहे, अँड्र्यू नेमहार्डही खंबीर आहे. पण हॅलिबर्टनची जागा दोघांनाही भरता येणार नाही.

इतिहासातला एक आकडा तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल: फायनल्सच्या आजवरच्या १९ सातव्या सामन्यांत घरचा संघ १५-४ आहे. तो खरा आहे, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. घरचं कोर्ट मोसमात जास्त सामने जिंकलेल्या संघाला मिळतं, तेव्हा त्या पंधरा विजयांत प्रेक्षकांचा आवाज किती आणि मुळातली ताकद किती, हे वेगळं काढता येत नाही. आणि २०१६ विसरून कसं चालेल? ७३-९ असा विक्रमी मोसम खेळलेले गोल्डन स्टेट वॉरियर्स घरच्या सातव्या सामन्यात क्लीव्हलँडकडून ९३-८९ हरले. मोसमाचा आकडा कितीही मोठा असला तरी एका रात्रीत चार गुण कमी पडू शकतात. तो सामनाही शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरीत होता, आणि मला भीती आहे ती तशाच सामन्याची.

मनाने निवडायचं असेल तर मुंबईकरांकडे पेसर्ससाठी सबळ कारण आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले, पेसर्स विरुद्ध सॅक्रॅमेंटो किंग्स, आणि दोन्ही पेसर्स जिंकले. मायल्स टर्नर आणि मॅकॉनेल तेव्हाही त्याच संघात होते. त्या संघातला डोमांटास साबोनिस पुढे २०२२ मध्ये किंग्सकडे गेला आणि बदल्यात पेसर्सना मिळाला हॅलिबर्टन. त्या किंग्सचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. एवढा धागा असताना कुणी इंडियानाचं नाव टाकलं, तर मी वाद घालणार नाही.

डोक्याने निवडायचं तर थंडर, दहाच्या आसपास गुणांच्या फरकाने. नाव टाकण्याआधी एकच गोष्ट तपासा: हॅलिबर्टनबद्दल पेसर्सकडून येणारी शेवटची बातमी. तो मोकळेपणाने धावू शकतोय असं कळलं, तर माझा फरक पाचावर येईल, नाव तेच राहील. फायनल्स एमव्हीपीचंही (फायनल्समधल्या सर्वोत्तम खेळाडूचंही) नाव द्यायचं असेल, तर पाचव्या सामन्यात ४० गुण करणाऱ्या जेलन विल्यम्सचा मोह टाळा. थंडर जिंकले तर तो मान गिल्जस-अलेक्झांडरकडे जाईल. चौथ्या सामन्यात मालिका पेसर्सच्या बाजूने ३-१ होण्याच्या बेतात होती, तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांत १५ गुण करून ती त्यानेच परत ओढून आणली होती.