गोळे कॉलनीतलं कॅन्सरच्या औषधांचं दुकान: पाचपैकी चार तारे

नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांची दुकानं ढिगाने आहेत, पण आत्याच्या गोळ्यांसाठी मी याच दुकानात जातो. आत्या ७७ वर्षांची. तिला एएमएल आहे, म्हणजे रक्ताचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर. मोठी केमो झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅझासिटिडिनची इंजेक्शनं आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या लिहून दिल्या.

मी सातपूरला कंपनीत क्वालिटीला आहे. बॅच नंबर आणि एक्सपायरी पाहिल्याशिवाय खोका हातात घेत नाही. इथे मी मागायच्या आधीच दोन्ही दाखवतात, बिलावरही छापतात. एक तारा तिथेच दिला.

बाकीचे काउंटरवरच्या फार्मासिस्ट ताईंना. गोळ्या काढण्याआधी त्यांनी विचारलं, "बुरशीवरचं काही औषध चालू आहे का?" चालू होतं. व्होरिकोनॅझोल, वेगळ्या डॉक्टरांचं, वेगळ्या चिठ्ठीवर. ते यकृतात व्हेनेटोक्लॅक्सचा निचरा होऊ देत नाही, मग रक्तात औषध साचत जातं. एरवी डोस पहिल्या दिवशी १००, दुसऱ्या दिवशी २००, तिसऱ्यापासून ४०० मिलिग्रॅम. व्होरिकोनॅझोल सोबत असेल तर त्याहून कमीपासून सुरू करून १०० वरच थांबतात. आमच्या चिठ्ठीवर ४००! ताईंनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला आणि सुधारलेली चिठ्ठी मोबाइलवर आल्यावरच गोळ्या दिल्या. यूरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम कधी तपासायचं तेही विचारून ठेवलं, कारण सुरुवातीला पेशी भराभर फुटल्या की किडनीवर ताण येतो.

दुपारची वेळ, गर्दी नव्हती. म्हटलं, ताई, ही गोळी करते तरी काय? बिघडलेली पेशी आपोआप मरावी अशी शरीरात सोय असते. बीसीएल-२ नावाचं प्रोटीन हे काम करणाऱ्या मारेकरी प्रोटीनांना धरून ठेवतं आणि ल्युकेमियाच्या पेशी त्याच्याच जिवावर तगतात. गोळी बीसीएल-२ ला चिकटते, मारेकरी सुटतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाला भोकं पडतात, पेशी संपते. हे प्रोटीन पेशींना जगवतं हे मेलबर्नच्या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं. एएमएलसाठी गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली २०१८ मध्ये. तीस वर्षं! काही पेशी मात्र एमसीएल-१ या दुसऱ्या प्रोटीनवर जगतात, तिथे ही गोळी लंगडी पडते. मोठ्या चाचणीतले आकडेही ताईंनी गोड करून सांगितले नाहीत. नुसत्या अ‍ॅझासिटिडिनवर निम्मे पेशंट ९.६ महिन्यांपर्यंत टिकले, दोन्ही औषधांवर १४.७.

एक तारा कापला तो फोनसाठी. उचलतच नाहीत, त्यामुळे माल आहे की नाही ते प्रत्यक्ष जाऊनच कळतं. रविवारी बंद. आणि पार्किंगचं काय सांगायचं, गाडी एम. जी. रोडलाच कुठेतरी लावा आणि चालत या.

जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या न्या, काढा-चूर्णाचीसुद्धा. ताई विचारतातच.