तापती फरशी: पाण्याचे पाइप की विजेची केबल?

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी १० अंशांखाली उतरतो आणि पहाटे कोटा फरशीवर पाय ठेववत नाही. त्यामुळे नूतनीकरणात फरशी उखडलीच असेल, तर खालून ऊब देण्याचा विचार रास्त आहे. पाण्याच्या पद्धतीत फरशीखालच्या पेक्स (लवचीक प्लास्टिकच्या) पाइपांतून साधारण ३५ ते ४५ अंशांचे पाणी फिरते. मात्र इन्सुलेशन आणि पाइपांवरचा सिमेंटचा थर धरून फरशी तीन-चार इंच उचलली जाते, म्हणजे दारे खालून कापणे आले आणि स्लॅबवरचा वाढीव भार तपासून घेणेही आले. थर ओतताना पाइपांतला दाब कायम ठेवावा, म्हणजे गळती लगेच कळते. विजेची केबल टाइलच्या अ‍ॅडहेसिव्हमध्येच बसते आणि लवकर तापते. बिल मात्र जास्त येते. इतक्या अल्प हिवाळ्यासाठी (उन्हाळ्याचे तर बोलायलाच नको) आजीच्या खोलीपुरती केबल मला पुरेशी वाटते.