किल्ला जिंकला, आता राज्य कोणत्या नियमांनी चालवायचं?

फासे-कागदावरच्या रोल-प्लेइंग खेळात (आरपीजी) आपण चालवतो ती कॅरेक्टर नवव्या-दहाव्या लेव्हलला पोचली की आमच्या टेबलावर हमखास विषय निघतो: किल्ला तर आपला झाला, आता पुढे काय? मालवणात आमचा खेळ जून-जुलैत जोर धरतो. मासेमारी बंद, होड्या झापांखाली, आणि पाचातल्या दोघांना एरवी सवडच नसते. गेल्या काही पावसाळ्यांत राज्यकारभाराचे चार नियमसंच आम्ही पडवीत बसून खेळलो. तुमचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, त्या वळणावर आलं असेल तर हे वाचून ठरवा.

बहुतेक जण 'किंगमेकर'पासून सुरुवात करतात. पाथफाइंडर या आरपीजीच्या या 2010च्या मोहिमेत राज्याचे तीन आकडे आहेत: अर्थव्यवस्था, निष्ठा आणि स्थैर्य. असंतोष वेगळा मोजायचा. नकाशावरचा 12 मैलांचा एकेक हेक्स (षटकोनी घर) घ्यायचा, रस्ते काढायचे, शेती लावायची, शहराच्या चौकटीत इमारती बसवायच्या. सेनापती, खजिनदार, हेरप्रमुख अशी पदं वाटली जातात, त्यामुळे कुणी रिकामा बसत नाही. हे मला फार आवडतं. पण राज्य वाढतं तसा हिशेब वाढतो. एका रविवारी चार महिन्यांचे फेरे उरकताना आमचे दोन तास गेले आणि तेवढ्यात एकाही कॅरेक्टरच्या तोंडी वाक्य आलं नाही. 2022च्या नव्या आवृत्तीत संस्कृती हा चौथा आकडा आला, ओझं मात्र उतरलं नाही.

आकड्यामागचं कारण कळल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी 'अ‍ॅडव्हेंचरर कॉन्करर किंग' घ्यावा. 6 मैलांचा हेक्स, त्यात शेतकरी कुटुंबं, आणि जमिनीच्या कसाप्रमाणे कुटुंबामागे दरमहा 3 ते 9 सोन्याची नाणी. त्यातून शिबंदी पोसायची. घाटावरचं राज्य असेल तर यासारखा संच नाही. आमच्या कातळाच्या हेक्सला मात्र फाशांनी 3 दिले आणि राज्य पहिल्याच वर्षी कर्जात गेलं. किनाऱ्याचा पैसा शेतात नसतो. आंग्र्यांचं आरमार जहाजांना दस्तक (परवाना) घ्यायला लावायचं, तो महसूल कुठल्या भाताच्या खाचरातून आलेला नव्हता.

म्हणून आम्ही 'बर्थराइट'वर थांबलो. 1995चा हा संच डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या) दुसऱ्या आवृत्तीचा. यात प्रांत एकाच्या मुठीत नसतो. कायदा, देवस्थान, व्यापार आणि जादूचा उगम अशा चार प्रकारच्या सत्ता तिथे नांदतात आणि प्रत्येकीचा धनी वेगळा असू शकतो. ठाणं एकाचं, देऊळ दुसऱ्याचं, बंदरावरची पेठ तिसऱ्याची, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वस्ती वाढली की जादूचा उगम आटतो. आम्ही उगम देवराईत ठेवला होता. राजाने खाडीकाठचा प्रांत एका पायरीने वर नेला, तशी आमच्या जादूगाराच्या उगमाची पातळी एकने उतरली. त्याने कागदावर आकडा खोडला, फासे खाली ठेवले आणि राजाकडे बघत म्हणाला, "मका इचारलंस तरी?" पुढचे तीन सेशन त्या भांडणावर रंगले.

व्यापारी मार्गासाठी दोन प्रांतांचा भूभाग किंवा तिथले लोक वेगळे असावे लागतात, त्यामुळे घाट उतरून येणाऱ्या बैलांच्या तांड्याला नियमांतच जागा मिळते. एक फेरा एका ऋतूचा, त्यात महिन्याची एक अशा तीन चाली. हिशेब आटोक्यात राहतो.

अडचण एकच, पण मोठी: राज्याचं बळ राजवंशाच्या दैवी रक्तावर टांगलेलं आहे. तुमची कॅरेक्टर साधी माणसं असतील तर ते जुळत नाही. आम्ही रक्ताच्या जागी मानपान धरला. जत्रेत पहिला नारळ ज्याचा, त्याच्याकडे ते बळ.

'रेन' (2007) सगळ्यात हलका. बळ, संपत्ती, प्रभाव, प्रदेश आणि सार्वभौमत्व, एवढ्या पाचांत राज्यही बसतं आणि चाच्यांची टोळीही. महिन्यातून एकदाच जमत असाल तर डोळे मिटून हाच घ्या. मला त्यात गावं दिसत नाहीत, म्हणून मी पुन्हा काढला नाही.

बर्थराइट घ्यायचं ठरलं तर आधी नकाशा काढा. प्रत्येक प्रांतात चार रकाने, आणि कोणता कोणाचा ते पेन्सिलीने लिहा. पहिल्याच ऋतूत दोन तरी खोडावे लागतील.