मजुरी धरलेली नाही: जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचे कार्यक्रम अकरा महिने पाहिल्यावर

परवा टीव्हीचे कार्यक्रम दाखवणाऱ्या एका ॲपची वर्गणी संपत आल्याचा मेसेज आला. अकरा महिने झाले. जुन्या गाड्या विकत घ्यायच्या, उघडायच्या, पुन्हा उभ्या करायच्या, असे जेवढे कार्यक्रम त्या ॲपवर सापडले तेवढे मी पाहून काढले, काही दोन-दोनदा. आता पुन्हा पैसे भरायचे का, हे ठरवता ठरवता हे लिहायला बसलो. त्यातला मुख्य 'व्हीलर डीलर्स': माइक ब्रुअर जुनी गाडी विकत घेतो, मेकॅनिक एड चायना ती दुरुस्त करतो, मग माइक ती विकतो.

सगळं सुरू झालं ते आमच्या गाडीमुळे. बाबांनी घेतलेली 1997 ची मारुती 800, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. गेल्या पावसाळ्यात ती सिग्नलला बंद पडायला लागली. रेसवर पाय आहे तोवर ठीक, पाय काढला की आयडलिंग (इंजिनाचं मंद चालू राहणं) धरायची नाही, वर पेट्रोलचा वास. चकाचक काचा असलेल्या एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन मिनिटं पाहिलं, "आता कशाला ठेवताय, काढून टाका" असं सांगितलं आणि हे सांगण्याचे तपासणी म्हणून 700 रुपये लावले. कार्ब्युरेटरला हातसुद्धा लावला नव्हता. घरी आलो, जेवण गेलं नाही, आणि त्या रात्री वर्षाची वर्गणी भरली. कुठेतरी कोणीतरी गाडीला हात लावताना बघायचं होतं.

एड चायनाने ती भूक भागवली. 2003 साली ब्रिटनमध्ये 'व्हीलर डीलर्स' सुरू झालं तेव्हापासून 2017 पर्यंतचे सगळे जुने भाग त्याचे. उंच माणूस, हातात नारिंगी मोजे, आवाज कधी चढत नाही. पुढची काच बसवायचं एक काम त्याने दाखवलंय, ते मी सहा-सात वेळा पाहिलं असेल. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सगळीकडून दोरी बसवायची, दोरीची दोन्ही टोकं आत घ्यायची. मग एकाने बाहेरून काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. कॅमेरा शेवटपर्यंत त्या कडेवरून हलत नाही. मागे ढोल-ताशे नाहीत, "आता काय होणार" असं ओरडणं नाही. पाहणाऱ्याला अक्कल आहे असं मानून केलेलं काम.

पण त्याच कार्यक्रमात एक गोष्ट अशी आहे की ती मला अकरा महिने टोचते आहे. शेवटचा हिशोब. गाडी इतक्याला घेतली, सामान इतक्याचं, विकली इतक्याला, नफा इतका. पडद्यावर आकडे येतात, माइक हात मिळवतो, संपलं. त्या हिशोबात एडची मजुरी नाही! आठवडेच्या आठवडे माणूस गाडीखाली झोपलाय, गिअरबॉक्स उतरवलाय, गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केलाय, आणि त्याचा एक पौंडही नाही. काही भागांत नफा शे-दोनशे पौंडांचाच असतो. मजुरी धरली तर तो व्यवहार सरळ तोट्यात जाईल. कोणी म्हणेल, टीव्हीचा कार्यक्रम आहे, सोडून द्या. मला सोडवत नाही, कारण या हिशोबाने माझ्याकडून एक चूक करवली.

त्या गॅरेजनंतर मी गाडी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. बाबा त्यांच्याकडेच जायचे. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "साहेब, कार्ब्युरेटर उतरवून साफ करावा लागेल, किट टाकू, होईल गाडी." झालीही. बिल आलं: किट, प्लग, फिल्टर मिळून 1,150 आणि मजुरी 1,800. मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, सामानापेक्षा मजुरी जास्त कशी? घासाघीस केली. मजुरीचे 1,400 च देऊन निघालो. ते काही बोलले नाहीत, फक्त हात पुसत उभे राहिले. डोक्यात तेव्हा तेच पडद्यावरचे आकडे होते: गाडी, सामान, नफा. मजुरी नावाची ओळच नाही. रोज रात्री एकच हिशोब पाहिला की तो हिशोब खरा वाटायला लागतो.

दोन महिन्यांनी, दिवाळीच्या आधी, गाडीला पुन्हा थोडा त्रास झाला. या वेळी ठरवलं, स्वतः करायचं. पुण्याच्या नाना पेठेतून किट आणलं, कार्ब क्लीनरचा स्प्रे आणला. भाच्याने आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, व्हॅक्यूमच्या एकेका नळीला चिकटपट्टी लावून नंबर टाकले. एअर फिल्टरचा डबा काढला, कार्ब्युरेटर सोडवला, वर्तमानपत्रावर ठेवून उघडला. तळाशी तपकिरी गाळ. पेट्रोल अडवणाऱ्या निडल व्हॉल्व्हच्या टोकाला नखाने लागेल एवढी खाच पडली होती. पेट्रोल थांबत नव्हतं ते तिथेच. पेट्रोल सोडणारे पितळी जेट इतके बारीक की उजेडासमोर धरल्याशिवाय भोक दिसत नाही, आणि तार घालून चालत नाही, भोक मोठं होतं. स्प्रे मारायचा, पंपाने हवा द्यायची, पुन्हा उजेडासमोर धरायचं. आतल्या तरंगत्या फ्लोटची उंची जमायला दोनदा खोललं. आयडलिंगचा स्क्रू कानाने ऐकत अर्धा-अर्धा फेरा फिरवत बसलो. दोन रविवार गेले. तासांनी मोजले तर अकरा. आणि गाडी चालू झाली तेव्हा जो आनंद झाला तो खराच, पण त्याबरोबर हेही कळलं की मिस्त्रींनी हेच काम अर्ध्या दिवसात केलं होतं, कारण त्यांच्या हाताला ते तीस वर्षं माहीत आहे. त्या तीस वर्षांचे मी 400 रुपये कापले होते.

म्हणून आता कुठलाही असा कार्यक्रम पाहिला की मी एकच गोष्ट शोधतो. कष्ट दिसतात का, आणि ते मोजले जातात का.

त्या मापाने माझी बरीच मतं बदलली. माइक ब्रुअरचे प्रसंग मी सुरुवातीला पुढे पळवायचो. बडबड्या वाटायचा. आता उलटं झालंय. गाडी घेताना तो काय करतो ते बघा: दाराखालचा पत्रा बोटांनी चाचपतो, सर्व्हिसचे कागद चाळतो, मालकासमोर एकेक दोष मोठ्याने मोजतो, मग हात पुढे करतो आणि आकडा सांगतो. त्याची मजुरी ती. चुकीची गाडी आली तर एडने कितीही घाम गाळला तरी उपयोग नाही. त्याला मी अकारण कमी लेखलं.

एड 2017 मध्ये गेला तेव्हा त्याने जाहीरपणे सांगितलेलं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. निर्मिती नव्या वाहिनीच्या हातात गेली होती आणि वर्कशॉपमधला तपशील करायला अवघड म्हणून तो कमी करा असं म्हणणं होतं. म्हणजे ज्या कामाची मजुरी हिशोबात कधीच नव्हती, ते आता दाखवायलाही परवडेना. त्याने नकार दिला. त्यासाठी या माणसाला मी मनापासून मानतो. त्याच्या जागी आलेला अँट अँस्टेड हाताचा पक्का माणूस आहे, पत्र्याचं काम तर सुरेख करतो. पण त्याचे भाग कॅलिफोर्नियात झाले, चकचकीत झाले, आणि मला तरी त्यात पाना फिरताना कमी दिसला. मग त्याच्या जागी आला एल्विस, म्हणजे मार्क प्रीस्टली, मॅकलरेनच्या फॉर्म्युला वन संघातला एकेकाळचा मेकॅनिक. हा आवडणार नाही असं मी आधीच ठरवून बसलो होतो. तिसऱ्या-चौथ्या भागात मत बदललं. काढलेला प्रत्येक नटबोल्ट तो ज्या शिस्तीने ठेवतो, ती पिट-स्टॉपची, म्हणजे शर्यतीत काही सेकंदांत गाडी सज्ज करण्याची, शिस्त आहे, आणि ती मी घरी उचलली. आता माझेही बोल्ट पुठ्ठ्यात भोकं पाडून, जागेप्रमाणे खोचलेले असतात.

अमेरिकन कार्यक्रमांवर फार वेळ घालवत नाही. 'पिंप माय राइड' मजेत बघितला, त्याचा सूत्रधार एक्झिबिट गोड माणूस आहे, पण डिकीत टीव्ही बसवून जुन्या इंजिनाचं काही भलं होत नाही. 'ओव्हरहॉलिन'मध्ये गाड्यांचा डिझायनर चिप फूसने कागदावर रेघ ओढली की बघत राहावं. डिझाइनमध्ये त्याचा हात धरणारा मला दुसरा कोणी दिसला नाही. मात्र मालकाला गाडी चोरीला गेली असं भासवायचं आणि एका आठवड्यात गाडी नवी करायची, ही चौकट मला पटत नाही. एक आठवडा म्हणजे रात्रंदिवस राबणारी माणसं. ती मागे पळताना दिसतात, त्यांच्याशी ओळख कधी होत नाही.

'कार एसओएस'बद्दल मात्र मला माझे शब्द मागे घ्यायचे आहेत. पहिले दोन भाग पाहून मी घरात म्हटलं होतं, हा रडवण्याचा धंदा आहे. मालक आजारी किंवा अडचणीत, घरचे गुपचूप गाडी पाठवतात, टिम शॉ सोंगं काढतो, फझ टाउनशेंड गाडी करतो, शेवटी पडदा उघडतो आणि सगळे रडतात. हिवाळ्यात बायकोला ताप होता, म्हणून ती शेजारी बसून पाहत होती. एका भागात मालक नव्या रंगाकडे बघतच नाही, थेट स्टिअरिंगवर हात ठेवतो. ती म्हणाली, "बाबापण आधी स्टिअरिंगलाच हात लावायचे." तेव्हापासून मी हा कार्यक्रम पुढे पळवत नाही. फझ गाण्याच्या बँडमध्ये ड्रमर होता. गंजलेला पत्रा ठोकताना त्याच्या हाताचा ताल कळतो, कान देऊन ऐका. आणि इथे नफ्याचा हिशोबच नाही, त्यामुळे खोटा हिशोबही नाही. गाडी परत दिली, झालं.

सगळ्यात वर मी ज्याला ठेवतो त्याला एक पैसाही लागत नाही. यूट्यूबवरचं 'प्रोजेक्ट बिंकी'. इंग्लंडमधले दोघे, निक आणि रिचर्ड, एका जुन्या ऑस्टिन मिनीत टोयोटा सेलिका जीटी-फोरचं इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी सगळी यंत्रणा बसवतात. 2013 मध्ये सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं चाललं, एकेका भागाची महिनोन्महिने वाट बघायला लावली. एकेक ब्रॅकेट, म्हणजे भाग धरून ठेवणारा आधार: आधी पुठ्ठ्याचा साचा, मग पत्रा कापणं, वाकवणं, वेल्डिंग, घासणं, मग चहा. इथे वेळ लपवलेला नाही. एका ब्रॅकेटला दिवस गेला तर दिवस गेला असं सांगतात. मजुरी रुपयांत नाही सांगितली, पण तासांत पूर्ण सांगितली.

ॲपबद्दल दोन वाक्यं. भाग उलटसुलट क्रमाने लावलेत, काही मालिकांचे मधलेच भाग गायब आहेत, तक्रार केली तर तोच तयार मजकूर तीनदा आला. हिंदी डबिंग मी आईसाठी लावून पाहिलं. गोष्ट कळते, पण निवेदकाचा आवाज पान्याच्या आवाजावर चढतो, आणि यात ऐकायचं असतं ते पान्याचंच.

वर्गणी पुन्हा भरली नाही. बिंकी फुकट आहे, एड चायना आता स्वतःच्या वर्कशॉपचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो, तेवढं मला पुरे. वाचलेल्या पैशांतले 400 पाकिटात घालून गेल्या शनिवारी मिस्त्रींकडे गेलो. कशाचे, ते सांगितलं. त्यांनी घ्यायला आढेवेढे घेतले, मी खिशात ठेवले. मग त्यांनी मी बसवलेला कार्ब्युरेटर बघायला बॉनेट उघडायला लावलं, कान लावून ऐकलं, आयडलिंगचा स्क्रू पाव फेरा मागे घेतला आणि म्हणाले, "आता ऐका."