३०१८ : पेटी सर्किटवाल्यांची, काम सुताराचं

पहिलं सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर कोरणारं) मशीन शोधणारे बहुतेक जण ‘३०१८’पाशी येऊन थांबतात. हे एका कंपनीचं नाव नाही. ३० बाय १८ सेंटीमीटर कामाची जागा, म्हणून ३०१८. कितीतरी ब्रँड जवळपास सारख्याच सांगाड्यावर आपापलं स्टिकर लावून ते विकतात. एक्समध्ये (आडवी) ३००, वायमध्ये (मागे-पुढे) १८० आणि झेडमध्ये (वर-खाली) ४५ मिमी चाल (लिमिट स्विचवाल्या, म्हणजे अक्षाच्या टोकाला कळ असलेल्या, मॉडेलांत थोडी कमी भरते), २४ व्होल्टवर चालणारी ७७५ मोटर, ईआर११ कोलेट (कोरणारं पातं, म्हणजे बिट, धरणारा भाग) आणि जीआरबीएल १.१ चा (आज्ञा वाचून मोटरी हलवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कंट्रोलर. लाकूडकाम नुकतंच हातात घेतलेल्याने हे घ्यावं का? घ्यावं. पण पेटीतून निघेल तसंच वापरायचा विचार असेल तर नको, कारण ती पेटी भरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सुतार नव्हता, सर्किट बोर्ड कोरणारा होता.

पुरावा बिटच्या डबीतच मिळतो. त्यात २० अंशांचे, ०.१ मिमी टोकाचे व्ही बिट असतात. तांब्याचा पातळ थर खरवडायला ते उत्तम. लाकडात अर्धा मिमी खोल गेले तर रेघ पडते जेमतेम पाव मिमी रुंदीची, जी सागवानाच्या रेषांत दिसतही नाही. खोली वाढवली की टोक मोडतं. नवशिक्याला वाटतं आपलं चुकलं, पण चुकलेलं असतं हत्यार. मशीनसोबतच ३.१७५ मिमी शँकचे (दांड्याचे) दोन धारेचे सपाट एंड मिल (सपाट तळ कापणारी बिटं) किमान चार, ६० अंशांचे व्ही बिट दोन आणि ६ मिमीचं एक सपाट बिट मागवावं. ६ मिमीसाठी ईआर११ चं ६ मिमी कोलेट वेगळं घ्यावं लागतं, पेटीत फक्त ३.१७५ चं येतं.

कोलेट बसवण्याची एक रीत आहे आणि माहितीपत्रक ती धड सांगत नाही. कोलेट आधी नटमध्ये तिरपं धरून दाबायचं, ‘टक’ आवाज येऊन ते खाचेत अडकलं पाहिजे. मग नट स्पिंडलवर (बिट फिरवणाऱ्या दांड्यावर) दोन आटे फिरवायचा, बिट घालायचं आणि दोन पाने लावून घट्ट करायचं. कोलेट स्पिंडलमध्ये सरकवून वरून नट फिरवला तर ते वाकडं बसतं. बिट डोळ्यांना सरळ दिसतं, पण फिरताना गोल घेरा मारतं, ३ मिमीची खाच साडेतीनची होते. शिवाय नट सोडवला तरी कोलेट आत रुतून बसतं ते वेगळंच.

जोडणीला एक दुपार पुरते. स्क्रू कसण्याआधी गुण्या लावावा आणि सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत १ मिमीचाही फरक असेल तर कापलेला चौकोन तिरका येणार. मोटर आणि लीड स्क्रूला (अक्ष सरकवणाऱ्या आट्याच्या दांड्याला) जोडणाऱ्या कपलरचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे बारीक स्क्रू) मात्र विसरू नयेत. प्रवासात ते सैल झालेले असतात, आणि काम चालू असताना निसटले की मोटर फिरते, स्क्रू फिरत नाही. पाटीवरचं नाव पहिल्या तीन अक्षरांपर्यंत सुबक, पुढे पायरी उतरल्यासारखं दिसलं तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी हे स्क्रू पाहावेत.

लॅपटॉपला जोडताना सीएच३४० चा (बोर्डवरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर लागतो, बॉड रेट (संवादाचा वेग) ११५२००. पोर्ट दिसत नसेल तर केबल बदलून पाहावी. फक्त चार्जिंगच्या केबलने मशीन कधीच दिसत नाही.

पहिल्या हालचालीलाच गोंधळ होतो तो वाय अक्षाचा. एक्स अधिक दिलं की बिट उजवीकडे जातं, झेड अधिक दिलं की वर. वाय अधिक दिल्यावर मात्र बेड तुमच्याकडे येतो, आणि ‘हे उलटं आहे’ असं वाटून लोक सेटिंग फिरवतात. ते बरोबरच आहे. या मशीनमध्ये वायला बिट हलत नाही, जॉब (बेडवर कसलेली फळी) हलतो. जॉब तुमच्याकडे आला म्हणजे बिट त्याच्या मागच्या कडेकडे गेलं. खरंच उलटं असेल तर अक्षरं आरशातल्यासारखी कोरली जातात. तेव्हा जीआरबीएलमधली $३ ही दिशा ठरवणारी सेटिंग बदलायची.

मापाचंही तसंच. लीड स्क्रूच्या बहुतेक ३०१८ मध्ये $१००, $१०१, $१०२ या तिन्हींची किंमत ८०० असते, म्हणजे एका मिमीला ८०० पावलं. १०० मिमी सांगितल्यावर ९९.२ भरलं तर गणिताने ८०६ टाकायचा मोह होतो. टाकू नये. स्क्रूचा आटा इतका चुकत नाही. इतका फरक सैल नटामुळे किंवा कपलरमुळे पडतो, आणि आकडा बदलला की दोष झाकला जातो, जात नाही. माप थेट निम्मं किंवा दुप्पट येत असेल तरच आकड्याचा किंवा मायक्रोस्टेपिंगचा (मोटरच्या एका पावलाचे किती बारीक भाग करायचे याचा) प्रश्न समजावा.

आता लाकडाकडे. ॲल्युमिनियमच्या बेडवर थेट फळी ठेवू नये. आधी १२ मिमी एमडीएफचा तुकडा खाली कसायचा आणि ६ मिमीच्या बिटने त्याचा माथा ०.३ मिमी छाटून घ्यायचा. दोन फेऱ्यांमध्ये ३ मिमी अंतर आणि मिनिटाला ६०० मिमी वेग ठेवला तर अर्ध्या तासाचं काम. हे टाळणारे व्ही बिटच्या कोरीव कामात फसतात. ९० अंशांच्या बिटने रेघेची रुंदी खोलीच्या बरोबर दुप्पट होते; म्हणजे फळी एका टोकाला अर्धा मिमी उंच असेल तर तिथली रेघ १ मिमीने जास्त जाड. ६० अंशांच्या बिटला हीच जाडी साधारण ०.६ मिमीने वाढते, म्हणून सुरुवातीला ६० चं बरं. फळीही रंधा मारलेली, वाळलेली हवी. ओलं लाकूड सकाळी सपाट असतं आणि संध्याकाळी नसतं.

पेटीतले चिमटे कामचलाऊ आहेत. त्यांचे बोल्ट फळीच्या वर १०-१५ मिमी उभे राहतात आणि सॉफ्टवेअरची सेफ हाइट (बिट उचलून इकडून तिकडे नेण्याची उंची) साधारण ५ मिमी असते. पुढे काय होतं ते सांगायला नको. लहान, सपाट जॉबसाठी सर्वांत खात्रीची पद्धत टेपची: फळीच्या पाठीला आणि एमडीएफला मास्किंग टेप लावायची, दोन्ही टेपांच्या मध्ये फेविक्विकचे थेंब, अर्धा मिनिट दाब. काम झाल्यावर पातळ पट्टी सरकवली की फळी सुटते आणि गोंद लाकडाला लागत नाही. फळीला भुसा चिकटलेला असेल तर टेप धरत नाही, आधी पुसून घ्यावी. आरपार कापताना मात्र टेपच्या भरवशावर न राहता तीन-चार ठिकाणी ५ मिमी रुंद, दीड मिमी उंच टॅब (न कापलेले छोटे पूल) सोडावेत. नाही तर शेवटच्या फेरीत तुकडा सुटून बिटवर येतो.

झेडचा झिरो (उंची मोजण्याचा आरंभबिंदू) घ्यायला प्रोब प्लेट (बिट टेकल्याचं मशीनला कळवणारी धातूची चकती) मिळते (साध्या मॉडेलात नसते, तिथे कागद सरकवून घ्यायचा). प्रोब वापरताना क्लिप बिटला लावायची राहिली तर मशीनला प्लेट ‘दिसत’ नाही आणि ते बिट थेट तिच्यात घुसवतं. आज्ञा देण्याआधी प्लेट हाताने बिटला टेकवून सॉफ्टवेअरमध्ये प्रोबची खूण उमटते का, ते बघायचं. सॉफ्टवेअरमध्ये भरलेली जाडी आणि प्लेटची खरी जाडी कॅलिपरने एकदा ताडून घ्यावी. नवी फाइल (मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी) पहिल्यांदा चालवताना झेड झिरो फळीच्या १५ मिमी वर घ्यावा आणि सगळी फेरी हवेतच होऊ द्यावी. दहा मिनिटं जातात, बिट वाचतं.

कापण्याचे आकडे: पाईनसाठी ३.१७५ मिमी दोन धारेचं बिट, १०,००० आरपीएम, मिनिटाला ६०० मिमी, एका फेरीत ०.५ ते ०.८ मिमी खोली. सागवानात खोली ०.४ वर आणावी. सागात सिलिका असते, धार लवकर जाते. या वेगाने प्रत्येक धार ०.०३ मिमीचा कीस काढते. मशीन नाजूक म्हणून घाबरून वेग १५० वर आणणारे नेमकं उलटं करतात: धार कापायच्या ऐवजी घासते, लाकूड काळं पडतं, जळकट वास येतो. घन लाकडात भुसा रव्यासारखा पडला तर ठीक, मैद्यासारखा पडला तर बिट घासतंय. (एमडीएफला हा नियम नाही, त्याचं पीठच होतं.) मोटरचा आवाज खाली बसू लागला तर खोली कमी करावी, वेग नव्हे.

स्पिंडलच्या गतीत एक छुपा सापळा आहे. $३० मध्ये (कमाल गतीच्या सेटिंगमध्ये) १०,००० असेल आणि फाइलमध्ये एस१००० (मागितलेली गती) असेल तर मोटर दहाव्या हिश्श्याने फिरते, किंवा फिरतच नाही, आणि थांबलेलं बिट लाकडात ढकललं जातं. दोन्ही आकडे एकदा जुळवून ठेवावेत. दुसरा सापळा एम६ चा. टूल बदलण्याची ही आज्ञा जीआरबीएल १.१ ला कळत नाही, फाइल ‘एरर २०’ दाखवून थांबते. दोन बिटांचं काम असेल तर दोन फाइली कराव्यात.

मराठी नावाची पाटी हा बहुतेकांचा पहिला प्रकल्प, आणि परदेशी व्हिडिओंतून याची उत्तरं मिळत नाहीत. कोरीव कामाच्या काही प्रोग्रॅममध्ये देवनागरी थेट टाइप केली की पहिली वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. अक्षरं इंकस्केप या चित्रकामाच्या प्रोग्रॅममध्ये लिहावीत, मग ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ (अक्षराची नुसती रेषा करणं) आणि त्यानंतर, हे विसरायचं नाही, ‘युनियन’ (सगळे आकार एकत्र जोडणं). प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. युनियन केलं नाही तर त्या जोडांवर बिट आडव्या रेघा मारतं आणि शिरोरेखा ठिकठिकाणी तुटल्यासारखी दिसते. फाइल दुसरीकडे उघडल्यावर १०० मिमीची पाटी १०६.७ किंवा ९३.७५ भरली तर तो इंकस्केपच्या जुन्या ९० आणि नव्या ९६ डीपीआयमधला (एका इंचात किती ठिपके धरायचे याचा) वाद आहे, मशीनचा दोष नाही. फाँट जाड, मोकळ्या पोटाचा निवडावा: मुंबईच्या एक टाइपचा ‘बालू’ इथे छान बसतो, कारण त्याची गोल टोकं गोल फिरणाऱ्या बिटला मानवतात. ‘ष्ट्र’, ‘क्ष’, ‘श्री’ यांसारखी गच्च अक्षरं २५ मिमीपेक्षा लहान घेतली तर मधले लाकडाचे दाणे उडतात.

वीज गेली तर? जीआरबीएलला आपण कुठे होतो हे आठवत नाही. लिमिट स्विच असतील तर होमिंग करून (मशीनला स्विचपर्यंत नेऊन जागा ओळखायला लावून) जी५४ चा, म्हणजे कामाचा, झिरो परत मिळतो, तो कंट्रोलरमध्ये जपलेला असतो. पण काही प्रोग्रॅम झिरो जी९२ या तात्पुरत्या आज्ञेने घेतात, आणि तो विजेबरोबर जातो. म्हणून भारनियमनाच्या भागात लिमिट स्विचवालंच मॉडेल घ्यावं, वरचे पैसे वसूल होतात. स्विच नसतील तर फळीच्या टाकाऊ कोपऱ्यात, झिरोच्या जागी, टाचणीएवढं भोक पाडून ठेवावं. बिट त्यावर आणून परत सुरुवात करता येते.

भुशाची सोय पेटीत काहीच नाही. ७७५ मोटर स्वतःला गार ठेवायला हवा ओढते आणि हवेबरोबर एमडीएफची भुकटीही. व्हॅक्यूमचं नळकांडं बिटजवळ धरायची काहीतरी सोय आणि तोंडाला एन९५ मास्क, एवढं तरी हवंच. तासाभराने मोटरला हात लावून बघावा (बंद करून), चटका बसत असेल तर विश्रांती द्यावी. मशीन चालू ठेवून जेवायला जाऊ नये, घासून तापलेला भुसा पेट घेऊ शकतो.

वेळेचा हिशेबही आधीच माहीत असावा. १०० बाय १०० मिमीचा, ३ मिमी खोल खळगा ३.१७५ च्या बिटने काढायचा तर सहा थर, दोन फेऱ्यांत सव्वा मिमी अंतर, मिळून सुमारे ४७ मीटर चाल, म्हणजे ८० मिनिटं. हातातल्या राउटरने हेच काम चहा निवायच्या आत होतं. पाट्या, शिक्के, जडावकाम, छोट्या डब्यांची झाकणं यांना ३०१८ उत्तम. देव्हाऱ्याची कमान किंवा दाराचं पॅनल करायचं असेल तर हे घेऊ नका. ते काम शहरातल्या आठ-बाय-चार फुटी मशीनच्या जॉबवर्कवाल्याकडे द्यावं, आणि इथे शिकून केलेलं डिझाइन तिथेही कामी येतं. तिथला कंट्रोलर बहुधा वेगळा असतो, म्हणून पेनड्राइव्ह देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: फाइल मिमीत की इंचात, बिट किती व्यासाचं, आणि झेडचा झिरो फळीच्या माथ्यावर घेतात की बेडवर.